एका अंगाची धार

“वहिनी, जपून हं. हात नका लावू, कापेल,” केतकी म्हणाली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

वीस वर्षं विळीवर बसलेल्या बाईला ही सांगणार, कापेल म्हणून! मी पुढं केलेला हात मागं घेतला, पदराला पुसला आणि म्हटलं, “बघू तरी दे गं. खाऊन नाही टाकत तुझी सुरी.”

सोळा-सतरा वर्षं झाली या गोष्टीला. केतकी म्हणजे माझी धाकटी जाऊ. तिचा नवरा पराग, माझा धाकटा दीर, कंपनीच्या कामानं दोन वर्षं जपानला होता. श्रावणात दोघं परत आली आणि पुण्याचा फ्लॅट तयार होईपर्यंत, म्हणजे दिवाळीपर्यंत, आमच्याकडं कऱ्हाडलाच राहणार होती. बॅगा उघडल्या तेव्हा मला वाटलं, काही साड्या, काही शोभेचं निघेल. निघाली ती सुरी! पांढऱ्या लाकडी पेटीत, तेलकट कागदात गुंडाळलेली. चौकोनी पातं, टोक नाहीच, साधी लाकडी मूठ आणि पात्यावर तीन-चार जपानी अक्षरं कोरलेली. तिला तिकडं उसुबा म्हणतात म्हणे. फक्त भाजी चिरायची.

“हिला एकाच अंगानं धार असते,” केतकी सगळ्यांना दाखवत होती. “हे अंग उतरतं आणि हे मागचं सपाट. म्हणून काप कागदासारखा निघतो.”

“दुकानदार म्हातारा काही लगेच देईना,” पराग म्हणाला. “म्हणे, आधी सांगा काय चिरणार, मग कुठली सुरी ते मी सांगतो. अर्धा तास हिचा हात बघत बसला होता!”

“मुलगी बघायला आल्यासारखा?” मी म्हटलं. सगळे हसले. केतकी तेवढी हसली नाही. “मी काकडी सांगितलं,” एवढंच म्हणाली आणि सुरी माझ्यापुढं करायला लागली.

तेवढ्यात सासूबाई कडाडल्या, “हातात देऊ नकोस गं! खाली ठेव, ती उचलेल. सुरी हातात दिली की भांडण होतं.”

सासूबाईंना तेव्हा अठ्ठ्याहत्तरावं चालू होतं. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यानं धूसर दिसायचं, तोंडात मोजून सहा दात. पण घरात कुठं काय चाललंय ते खुर्चीत बसून बरोबर कळायचं. केतकीनं सुरी पाटावर ठेवली, मी उचलली. हलकी होती. हातात अशी बसली की माझ्या मनात आलं, आपली असती तर! आणि त्या विचाराचाच मला राग आला. “बरी आहे,” म्हटलं आणि खाली ठेवली.

आता त्यात एवढं जळण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. सांगते.

आमच्याकडं गौरी जेवतात त्या दिवशी सोळा भाज्या आणि सोळा कोशिंबिरी असतात. त्यातली खमंग काकडी ही मानाची. काकडी किसायची नाही, चोचवायची. विळीच्या पात्यावर काकडीचं तोंड टकटक आपटत, हातात फिरवत बारीक चिरा पाडायच्या, मग आडवी ओढायची की बारीक दाणा खाली पडतो. चेपली तर पाणी सुटतं आणि सगळं मुसळ केरात. लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला सासूबाईंनी स्वतःची विळी माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाल्या होत्या, “आजपासून काकडी तुझी.” मी ना शिकलेली फार, ना दिसायला कुणी रंभा. माहेरही यथातथाच. या घरात मला कुणी काही दिलं असेल तर ती काकडी. पाहुणे तिच्या वासानं यायचे आणि आधी विचारायचे, “हेमावहिनींची काकडी आहे ना?”

आणि आता ही बाई उसुबा घेऊन आली.

रोज दुपारी तिचा कार्यक्रम ठरलेला. पाण्यात भिजवलेला दगड ओल्या फडक्यावर मांडायचा, परसदाराच्या पायरीवर बसायचं आणि सुरी घासायची. उतरतं अंग जास्त वेळ, सपाट अंगावर नुसता हात फिरवायचा. मधूनच नखावर टेकवून बघायची. झालं की पुसून, तेलाचं बोट फिरवून पेटीत. लेकराचं तरी एवढं करतात का कुणी? एकदा तिनं कोबी चिरला तर आमचे हे ताटावर थांबून म्हणाले, “वा! चिरलाय की विणलाय?” वीस वर्षांत या माणसानं माझ्या चिरण्यावर एक अक्षर काढलं नव्हतं. मी आमटी वाढली ती त्यांच्या भातावर न पडता ताटाबाहेर पडली.

“हात कापतोय का तुझा?” हे म्हणाले.

“हो, म्हातारी झाले मी,” म्हटलं.

हे सगळं मी गिळलंही असतं. पण गौरी यायच्या आदल्या दिवशी सामानाची यादी करताना सासूबाई म्हणाल्या, “हेमा, यंदा काकडी केतकीला करू दे. हौस आहे पोरीला. तुझे गुडघेही दुखतात.”

माझे गुडघे! माझ्या गुडघ्यांची कधी कुणाला आठवण झाली नव्हती ती नेमकी आज व्हायची होती. केतकी दारातच उभी होती. ती म्हणाली, “नको आई, वहिनीच करतील,” पण असं म्हणाली की माणसाला कळावं, हिला हवंय. मी म्हटलं, “छे छे, करू दे की. नवी सुरी आहे, नवी नवलाई आहे.” आणि माजघरात जाऊन डाळीचा डबा असा आपटला की झाकणाला पोचा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गौरी आणायच्या होत्या. पराग आणि केतकी तेरड्याची फुलं आणि केळीची पानं आणायला बाजारात गेली होती. हे गणपतीच्या आरतीला शेजारी. सासूबाई देवघरात. तेवढ्यात गल्लीत आवाज आला, “धाऽऽर! विळी, सुरी, कातरीला धाऽऽर!”

आमचे दस्तगीरमामा शिकलगार. दरवर्षी गौरीच्या तोंडावर यायचे. सायकल स्टँडवर लावायची, पायडल मारायचं की पुढचं दगडी चाक गरागरा फिरायचं. गल्लीतल्या सगळ्या विळ्या त्यांच्याच हाताखालून जायच्या. मी माझी विळी नेली. मामांनी पाच मिनिटांत धार लावून दिली.

“आणखी काही हाय का, वहिनीसाब?”

मी “नाही” म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणाले, “थांबा जरा.”

आत गेले. पेटी फळीवर होती. उघडली. सुरी पदराखाली घेऊन बाहेर आले आणि मामांच्या पेटाऱ्यावर ठेवली.

मामांनी ती उचलली, तिरपी करून उजेडात धरली. अंगठा पात्यावर आडवा फिरवला. “कुणाची ओ ही?”

“घरातलीच. लावा धार.”

“वहिनीसाब, ह्याला धार हाय की. माझ्या दाढीच्या पात्याला न्हाई असली.” त्यांनी सुरी उलटी केली. “आन हे एका अंगाचं पातं हाय. माझ्या बापाकडं होतं असलं एक. चाकाचं काम न्हवं हे, दगडावर पाण्यानं हळूहळू करायचं. चाकावर धरलं की तापतंय, पाणी उतरतंय पोलादाचं. मरंल ते.”

म्हणजे मला कळलं नव्हतं असं नाही. स्पष्ट सांगितलं त्या माणसानं. परत आत नेऊन ठेवली असती तर ही गोष्टच झाली नसती.

“तुम्ही लावा हो,” मी म्हटलं. “दोन्ही अंगांनी लावा.”

“मालकिणीला इचारलंय का?”

“मालकीण मीच आहे.”

मामांनी माझ्याकडं एकदा बघितलं, मग पायडल मारलं. विळीच्या ठिणग्या लालसर पडतात. या सुरीच्या पांढऱ्या पडल्या, भरपूर. धारेच्या कडेला निळसर पट्टा चढला. सुरी परत देताना मामा पैसे घ्यायला तयार होईनात. मी सुरी पुसली, तेलाचं बोट फिरवलं, पेटीत ठेवली. निळी कड तेलकट कागदानं झाकली. त्या दुपारी गौरींच्या गडबडीत केतकीला दगडावर बसायला सवड झाली नाही.

दुसऱ्या दिवशी पूजन. स्वैपाकघरात पाय ठेवायला जागा नाही. केतकीनं आंघोळ करून, सोवळ्याची साडी नेसून काकडी हातात घेतली आणि पेटी उघडली. मी पुरणाला चटका देत होते, पण माझं सगळं लक्ष तिच्या हाताकडं. तिनं काकडीवर पहिला घाव मारला आणि थांबली. दुसरा मारला. मग सुरी उजेडात धरली. निळा पट्टा तिला दिसला, मी बघितलं तिला बघताना. मला वाटलं, आता ही ओरडणार. मी काय काय बोलायचं ते सगळं तयार ठेवलं होतं. चांगुलपणा करायला गेले, सणाच्या आधी धार लावून आणली, मला काय ठाऊक तुमचं जपानी!

तिनं सुरी खाली घेतली. सहा काकड्या तिनं त्याच सुरीनं केल्या. भांड्यात खाली पाणीच पाणी.

नैवेद्याआधी चाखायचं नाही, म्हणून सासूबाईंनी चिमूटभर बोटांत घेऊन चेपून पाहिली. “पाणी सुटलं गं केतकी. काय झालं?”

“माझ्याच हातून दगडावर कोन चुकला वाटतं,” केतकी म्हणाली.

माझी सगळी तयार वाक्यं वाया गेली. सासूबाई म्हणाल्या, “हेमा, घे बाई तुझी विळी. नैवेद्याची वेळ होत आली.” मी विळीवर बसले. वीस मिनिटांत काकडी चोचवली, कूट, खोबरं, मिरची, लिंबू, वरून तूप-जिऱ्याची फोडणी. पंगतीत सगळ्यांनी दोनदा मागून घेतली. सासूबाई म्हणाल्या, “काकडी करावी तर हेमानंच.” गोड वाटलं मला. खोटं सांगणार नाही, चांगलं पोटभर गोड वाटलं.

ते किती टिकलं? दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. जरा आडवी झाले होते, तो परसदारातून आवाज आला. खर्र… खर्र… खर्र.

केतकी दगडावर बसली होती. आधी अर्धा तास बसायची, आता दोन-दोन तास. निळं पोलाद घासून पार काढून टाकायचं, तेव्हा खालचं चांगलं लागणार. मागचं अंग पुन्हा सपाट करायचं. गौरी गेल्या, गणपती गेले, पितृपंधरवडा आला, ती बसतेच आहे. पातं रोज थोडं अरुंद होत होतं. तिची बोटं पाण्यानं पांढरी पडली होती, एका बोटाला पट्टी. आणि चार-पाच दिवसांनी परसदार सोडून पायरी कुठली धरली? स्वैपाकघराची. मोरीत बसली असती तर पाणी तरी हाताशी होतं. पण नाही, माझ्या पाठीमागं, चार हातांवर.

“अगं, किती घासशील! दुसरी घे की,” पराग एकदा म्हणाला.

“हीच हवीये मला,” ती म्हणाली.

मी भाकरी थापत होते. ती करपली.

माझी झोप उडाली, जेवण जाईना. हिला कळलंय का नाही? कळलं असेल तर बोलत का नाही? भांडली असती तर मी भांडले असते, चार शब्द तिचे, आठ माझे. भांडणाला मी कधी मागं हटलेली नाही. पण ही घासतेय नुसती. एकदा तर वाटलं, तो दगडच उचलून आडात टाकावा.

असा महिना गेला आणि खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पुजतात आणि दिवसभर त्यांना विश्रांती. भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवायची. पाटावर मी विळी मांडली, कोयता, कातरी, यांचा पाना-पक्कड. सगळ्यांना हळदकुंकू वाहत गेले. शेवटी केतकीनं तिची सुरी आणून ठेवली, विळीच्या शेजारी. पहिली आणली तेव्हा चांगली चार बोटं रुंद होती. आता जेमतेम तीन. पण निळं कुठं दिसत नव्हतं. धार परत आली होती.

कुंकवाची चिमूट माझ्या हातात होती. हात पुढं जाईना. पुरुष बाहेर होते, सासूबाई जप करत होत्या. त्या खोलीत आम्ही दोघीच.

“केतकी,” मी म्हटलं, “ही मी बिघडवली. दस्तगीरमामांच्या चाकावर लावली. चुकून नाही, मुद्दाम. ते नको म्हणत होते.”

केतकी पाटाशेजारी बसली. “माहितीये मला.”

“काय माहितीये?”

“पूजनानंतर चार दिवसांनी मी त्यांच्याकडं गेले होते. मोठा सपाट दगड हवा होता. त्यांनी पातं बघताक्षणी ओळखलं. म्हणाले, मालकिणीनं ऐकलं न्हाई.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “मग बोलली का नाहीस? महिनाभर!”

“बोलले असते तर तुम्ही माफी मागितली असती. आईंनी दोघींना साखर दिली असती, मिटलं असतं. मला मिटवायचं नव्हतं.” तिचा आवाज आता चढला. “मला तुम्हाला ऐकवायचं होतं. रोज. म्हणून तर स्वैपाकघराच्या पायरीवर बसत होते.”

मी म्हटलं, “चांगली आहेस की गं तू! मी तुला गरीब गाय समजत होते.”

“तुमचीच जाऊ आहे.” तिनं नाक पुसलं. “ही सुरी मी का घेतली ठाऊक आहे?”

“हौस म्हणून.”

“तुमच्यावर जळून घेतली!” ती म्हणाली. “लग्नाला आठ वर्षं झाली माझ्या. आठ वर्षं मी काकडी वाढली की पराग म्हणतो, वहिनीसारखी नाही. जपानमध्येसुद्धा तेच. आणि तुम्ही कधी शिकवलीत? मी दारात आले की म्हणायचात, झाली बाई, संपली काकडी. टोपलीत चार दिसत असायच्या मला.”

असायच्या खऱ्या. मी मान खाली घातली.

“त्या दुकानदार म्हाताऱ्यानं विचारलं, काय चिरणार, करून दाखव. मी हवेतच काकडी चोचवून दाखवली. दारातून बघितलेली. तो खूश झाला, म्हणाला, हात छान आहे, कुणाचा बघून शिकलीस? मी बोलायच्या आत पराग म्हणाला, माझ्या वहिनीचा.” ती थांबली. “एवढ्या लांब जाऊनसुद्धा तुम्हीच. आणि मामांना तुम्ही सांगितलंत ना, मालकीण मीच म्हणून? खोटं काय होतं त्यात? या घरातली मालकीण तुम्हीच आहात. तेच तर दुखतं मला.”

माझ्यावर कुणी जळावं असं काही माझ्यापाशी आहे, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. मी आपली सगळ्यांच्या ताटाकडं बघत बसलेली आणि ही माझ्या ताटाकडं. मला रडू आलं. केतकीलाही आलं. कुंकू दोघींच्या नाकाला लागलं.

“सुरीला ओलं कुंकू राहिलं तर गंजेल,” जरा वेळानं ती म्हणाली. मी हळदकुंकू वाहिलं, तिनं लगेच पातं उचलून पुसलं आणि सवयीनं ते माझ्यापुढं पाटावर ठेवायला वाकली.

“हातात दे,” मी म्हटलं.

“आई म्हणतात, हातात दिली की भांडण होतं.”

“आता कसलं व्हायचं राहिलंय?”

तिनं मूठ माझ्याकडं करून दिली, मी घेतली. आणि म्हटलं, “उद्या सकाळी उजाडताच दगड भिजव. मला शिकव.”

दसऱ्याला सकाळी मी त्या पायरीवर बसले. केतकी शेजारी. “एवढा दाब नको. हे अंग असं टेकवा. आता ओढा. नाही हो, वहिनी, विळी नाहीये ती!” सरळ ओरडत होती माझ्यावर. मी ऐकून घेत होते. तासाभरानं तिनं नखावर टेकवून बघितलं आणि मान हलवली. मग मी स्वैपाकघरात जाऊन टोपलीतल्या सगळ्या काकड्या तिच्यापुढं ओतल्या. मनगट कुठं सैल सोडायचं, काकडी कधी फिरवायची, सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही.

दुपारी पंगत बसली. श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी आणि खमंग काकडी. पानांत मी वाढत होते. सासूबाईंनी एक चमचा तोंडात घातला, सहा दातांनी सावकाश चावला आणि डोळे मिटले.

“अहाहा! हेमा, तुझ्या हाताला तोड नाही बाई. माझ्या हातालाही नव्हती अशी चव.”

पराग मान हलवत म्हणाला, “वहिनींची काकडी ती वहिनींची.”

केतकी पुऱ्या घेऊन दारात उभी होती. तिथंच थांबली. माझ्याकडं बघत नव्हती, पुऱ्यांकडं बघत होती.

गप्प बसले असते तर कुणाला कळलं असतं? अजूनही जिवावर येत होतं. दोन बाळंतपणं सोपी गेली मला त्यापेक्षा.

“आई, मी नाही केली,” मी म्हटलं. “केतकीनं केलीये. सगळी.”

परागचा घास हातातच राहिला. सासूबाईंनी धूसर डोळ्यांनी दाराकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“अगं बाई! मग तू काय केलंस?”

“मी सुरीला धार लावली,” मी म्हटलं.

दारात केतकीला असा ठसका लागला की चार पुऱ्या खाली पडल्या. बाकी कुणाला काहीच कळलं नाही.